माफीचा प्रवेश

सर कधी ओरडत नसत. शाळेत उपमुख्याध्यापक होते तेव्हाही वर्गात दंगा सुरू झाला की ते नुसते दारात येऊन उभे राहायचे आणि दंगा विरून जायचा. निवृत्तीच्या समारंभात प्रत्येकाने भाषणात हेच सांगितलं. बाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरीसुद्धा सरांचा आवाज चढायचा नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ते ताट सरकवून द्यायचे नाहीत. सगळं जेवायचे, हात धुऊन परत येऊन बसायचे आणि विचारायचे, "आज तुझं लक्ष कुठे होतं? सांग. मी रागावलेलो नाही." मग थांबायचे. बाईंना काहीतरी उत्तर द्यावं लागायचं. दिलेलं उत्तर पुरायचं नाही. शेवटी बाई "चुकलं माझं" म्हणायच्या, तेव्हा कुठे सर वर्तमानपत्र उघडायचे.

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि हे ऐकायला घरात तिसरं माणूस उरलं नाही.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, नाकावर चष्मा घसरतो का ते बघायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची. घरातल्या बाई दुकानात कुणाला ओळखू आल्या नसत्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला त्या बिनदिक्कत सांगायच्या, "आजोबा, ही फ्रेम लावून घरी गेलात तर आजी ओळख दाखवणार नाहीत. विचार करून घ्या." आजोबा तीच फ्रेम घ्यायचे.

तिथेच एकदा एक निवृत्त दंतवैद्य आले. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. नंबर काढून झाल्यावर बाईंनी बारीक अक्षरांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. शेवटची ओळ त्यांना जमेना, म्हणून बाईंनीच ती वाचून दाखवली. साधीच ओळ होती, नदी, पूल आणि पलीकडे उभा असलेला कुणीतरी. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे मिटले आणि म्हणाले, "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"तुम्ही नाटकात वाचाल का?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांचा एक गट होता. कुणाचाच हक्क राहिलेला नाही अशी जुनी नाटकं शोधायची, भूमिका वाटून घ्यायच्या, प्रत्येकाने आपापल्या घरी बसून आपली वाक्यं फोनवर रेकॉर्ड करायची आणि पाठवून द्यायची. मग एकीने ती सगळी जोडायची आणि तयार झालेलं श्राव्य नाटक इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवायचं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे डोळे थकलेत, त्यांच्यासाठी मुख्यतः. गटातली बरीच माणसं एकमेकांना कधी भेटलेलीही नव्हती. "पैसा नाही, मान नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने करायचा," डॉक्टर म्हणाले.

बाई हो म्हणाल्या. घरी विचारायच्या आधीच हो म्हणाल्या.

हातात घेतलेलं नाटक शंभरेक वर्षांपूर्वीचं होतं. एका बड्या घरातले मालक आणि मालकीणबाई. मालकीणबाई न विचारता एका निराधार बाईला घरात ठेवून घेतात, म्हणून तिसऱ्या अंकात मालक त्यांना पाहुण्यांसमोर माफी मागायला लावतात. मालकीणबाई रडून माफी मागतात, मालक मोठ्या मनाने क्षमा करतात, पडदा पडतो. गटातल्या बायकांनी या माफीच्या प्रवेशाची भरपूर थट्टा केली. पण भाषा सुरेख होती, आणि मालकीणबाईंची भूमिका बाईंना मिळाली.

आवाज घुमू नये म्हणून बाई कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बसायच्या. ही युक्ती त्यांना कानवालीने शिकवली. कानवाली हे गटाने ठेवलेलं नाव. ती श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करायची आणि फावल्या वेळात सगळ्यांच्या फायली जोडायची. कुणाला लागलेला दम, कुणाच्या घरातली कुकरची शिट्टी, कुणाचं कुत्रं, सगळं कापून टाकायची. "ताई, तुमच्या फायलीत मला काही कामच राहत नाही," तिने पहिल्या अंकानंतर बाईंना लिहिलं. डॉक्टरांनी फोनवरच्या गटावर लिहिलं, 'मालकीणबाई सापडल्या.' बाईंनी ते दुकानात फ्रेमा पुसता पुसता पुन्हापुन्हा वाचलं.

"कपाटात कुणाशी बोलत असतेस?" सरांनी एकदा विचारलं.

बाईंनी सांगितलं. सर हसले. चांगलं हसले. "कर की. मी कधी अडवलंय तुला?"

मालकांची भूमिका एक बँकेतला कारकून वाचत होता. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर त्याचा घसा बसला आणि त्याला सक्तीचं मौन मिळालं. डॉक्टरांनी गटावर विचारलं, कुणी आहे का. बाईंचा फोन तेव्हा जेवणाच्या टेबलावर होता. त्या भांडी आवरून आल्या तोवर सरांनी तो उचलून दोन पानं वाचली होती आणि फाईल पाठवूनही दिली होती.

"बघू तरी म्हटलं, तुमच्या लोकांना काय आवडतं," सर म्हणाले.

लोकांना सर आवडले. गटावर टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं, मी घाबरून दार लावून घेतलं, आणि खाली हसरे चेहरे. आधीच्या वाचकाने मालकांना गर्जना करायला लावली होती. सरांचे मालक हळू, समजूत घातल्यासारखे बोलत होते. डॉक्टरांनी विचारलं, "सर, हे कुठून आणलंत?"

सरांनी नेहमीसारखं शुद्धलेखन सांभाळून उत्तर दिलं. 'राग दाखवायचा नाही. समोरच्याला बोलायला लावायचं आणि वाट बघायची. तो स्वतःहूनच चुकतो.'

डॉक्टरांनी ते वाक्य गटाच्या माथ्यावर लावून ठेवलं, सगळ्यांनी शिकावं म्हणून. बाईंनी ते दुकानात वाचलं. त्यांना हसू आलं आणि हसू आलं याचीच भीती वाटली. समोर गिऱ्हाईक आरशात बघत उभं होतं. "बाई, ही शोभते का?" ते विचारत होतं, आणि बाईंना काही सुचेना.

थोड्याच दिवसांत सर गटाचे अर्धे दिग्दर्शक झाले. डॉक्टरांनी आपण होऊन ते काम त्यांच्याकडे दिलं. सर प्रत्येकाची फाईल लक्ष देऊन ऐकायचे आणि प्रत्येकाला दोन चांगल्या ओळी लिहायचे. बाईंबद्दल मात्र त्यांनी लिहिलं, 'मालकीणबाईंचं वाचन जरा सपाट होतंय. घरचं माणूस म्हणून मी जास्त कडक आहे असं वाटेल, पण बाकीच्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावं.' बाकीच्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ज्यांना कालपर्यंत बाईंचा आवाज गोड वाटत होता, त्यांना आता तो खरंच जरा सपाट वाटू लागला. बाईंनी दुसरा अंक परत वाचला. सरांनी तो ऐकून परत वाचायला सांगितला.

घरात आता तालीम कधी चालू आहे आणि कधी नाही ते कळेनासं झालं. जेवताना सर एकदम मालकांचं वाक्य बोलायचे, "या घरात कुणाला विचारून काय करायचं, हे तुम्ही ठरवू लागलात का?" बाई मालकीणबाईंचं वाक्य आठवून बोलल्या, तर सर म्हणायचे, "मी खरंच विचारतोय. पडदे बदलताना मला विचारलंस?" बाईंनी खरं उत्तर दिलं, तर म्हणायचे, "पाठांतर कच्चं आहे तुझं."

बाईंनी डॉक्टरांना फोन केला. "माझ्याऐवजी दुसरं कुणी बघा. मला जमत नाहीये."

"बाई, असं करू नका," डॉक्टर म्हणाले. "सर तुमच्यावर किती मेहनत घेतायत. मी आयुष्यभर कवळ्या बनवल्या, आमच्या घरात एकीने एक कवळी हातात घेऊन बघितली नाही. नशीबवान आहात."

बाईंनी फोन ठेवला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

राहिला होता तो माफीचा प्रवेश. बाईंनी तो किती वेळा वाचला याला गणती नाही. सर दर वेळी मान हलवायचे. गटावर लिहायचे, 'अजून आतून येत नाहीये. पण मी सोडणार नाही.' लोक लिहायचे, सर, धन्य आहे तुमची.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई स्वयंपाकघरात लेकीसाठी घेऊन जायचं सामान बांधत होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते. बाईंनी रजा मंजूर करून घेतली होती, जुन्या मऊ कापडाची छोटी छोटी झबली शिवून ठेवली होती. सरांनी आतल्या खोलीतून हाक मारली. ते खुर्चीत बसले होते. शेजारी टेबलावर फोन पालथा पडला होता.

"बस," सर म्हणाले. "लेकीचा फोन आला होता."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. म्हणाली, आईला येऊ नको म्हणून सांगा."

बाई उभ्याच राहिल्या. "का?"

"तूच सांग. तुला माहीत असेल."

"मी काय केलं?"

"आठव. मी रागावलेलो नाही."

सर थांबले. बाईंनी आठवायला सुरुवात केली. मागच्या वेळी तिच्या डॉक्टरांना दोनदा तेच विचारलं म्हणून का? सर काही बोलले नाहीत. रोज फोन करते म्हणून का? जावयांना पंखा हळू करा म्हटलं म्हणून? सर बोलले नाहीत. बाईंच्या आठवणीत जे जे होतं ते त्यांनी एकेक करून सरांसमोर ठेवलं.

मग सर म्हणाले, "ती म्हणाली, आई जवळ असली की मला धास्ती वाटते. लहानपणापासून वाटते."

बाई खाली बसल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "कुठे चुकले ते सांगा, मी परत तशी वागणार नाही. मी एका कोपऱ्यात बसेन, एक शब्द बोलणार नाही. पण मला येऊ नको म्हणू नका. मी चुकले हो. माझं चुकलं. तिला सांगा ना तुम्ही, आईचं चुकलं." पुढचं कळण्यासारखं नव्हतं.

हुंदके ओसरेपर्यंत सर थांबले. मग त्यांनी फोन सुलटा केला आणि बोटाने रेकॉर्डिंग बंद केलं.

"झालं," ते म्हणाले. "उत्तम. इतके दिवस हेच मागत होतो."

"तिचा फोन..."

"आलाच नव्हता. ती वाट बघतेय तुझी. जा, तोंड धू."

त्या क्षणी बाईंना आनंद झाला. ही गोष्ट त्यांनी स्वतःला पुढे कधीच माफ केली नाही. लेक तसं म्हणालीच नव्हती, एवढ्यानेच त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या सांगितल्याप्रमाणे तोंड धुवायला गेल्या. चेहऱ्यावर पाणी मारताना मग त्यांना आपल्याबरोबर काय झालं ते कळत गेलं.

दोन दिवसांनी कानवालीचा दुकानात फोन आला. "ताई, सरांची फाईल आलीय. त्यात... ते नाटकातलं नाहीये ना?"

बाईंना लाजेने घाम फुटला. समोर गिऱ्हाईक होतं. "नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते लावू नका. मी पाया पडते तुमच्या. मी परत वाचते, म्हणाल तितक्या वेळा वाचते."

"मी डॉक्टरांशी बोलते," कानवाली म्हणाली, आणि ती खरोखरच बोलली. संध्याकाळी तिचा निरोप आला. 'डॉक्टर ऐकत नाहीत. म्हणतात असा प्रवेश जन्मात एकदा मिळतो. मी लेकीचं सगळं कापलंय, ताई. काही कळणार नाही.'

तिने काम मन लावून केलं होतं. नाटक ऐकणाऱ्याला सांधा कुठे सापडला नसता. लेक निघून गेली होती, कोपरा निघून गेला होता. मालकांचा शांत आवाज आणि मालकीणबाईंचं "मी चुकले" एवढंच उरलं होतं.

नाटक खुलं करायच्या दिवशी संध्याकाळी सगळे ऑनलाइन जमले. एकेका चौकटीत एकेक चेहरा. सरांनी लेकीलाही बोलावलं होतं. ती पोटावर हात ठेवून, उशीला टेकून बसली होती आणि आईला बघून तिने हात हलवला. सर आणि बाई एकाच सोफ्यावर, एकाच चौकटीत होते. तिसरा अंक लागला. बाईंनी स्वतःचं रडणं सगळ्यांबरोबर ऐकलं. एका चौकटीत कुणी डोळे पुसत होतं. प्रवेश संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, शेवटी जमलं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"जमलं नाही, काढून घ्यावं लागलं," सर म्हणाले, आणि सगळे हसले.

"दोन शब्द बोला ना, बाई."

बाई बोलल्या. नीट, क्रमाने बोलल्या. "ते वाचन नव्हतं. मला यांनी सांगितलं की लेक मला नको म्हणतेय. ते खोटं होतं. मला रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत नव्हतं. मी खरीच माफी मागत होते. ते काढून टाका."

काही जण खाली बघू लागले. सरांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा," ते कौतुकाने म्हणाले, "अजून भूमिकेतून बाहेर आलेली नाही."

कुणीतरी हसलं. मग सुटका झाल्यासारखे बाकीचेही हसले. एका घरात दोन दोन कलाकार, कुणी म्हणालं.

"कानवाली ताईंनी सगळं ऐकलंय," बाई म्हणाल्या. "त्यांनी फोन केला होता मला. सांगा ना तुम्ही."

सगळे कानवालीच्या चौकटीकडे बघू लागले. तिने कॅमेऱ्यापासून नजर काढून घेतली. "माझ्याकडे खूप फायली येतात, ताई," ती म्हणाली. "मला आता नक्की आठवत नाही." आणि तिची चौकट काळी झाली.

डॉक्टरांनी घाईघाईने आभार मानले. लेकीचा निरोप लगेच आला. 'आई, हे घरात बोलायचं असतं ग. चारचौघांत बाबांना कसं वाटलं असेल?'

सर त्या दिवशी बाईंना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी आपला कप आपण विसळला. प्रश्न कधी येईल याची बाई वाट बघत राहिल्या, चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, कपडे वाळत घालताना. प्रश्न आलाच नाही, आणि त्यांना अन्न गिळेनासं झालं. लेकीकडे जायचं सरांनी पुढे ढकललं. "तुझी तब्येत ठीक नाही," ते म्हणाले. "तिला कळवलंय मी."

मग कानवाली दुकानात आली. बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या काड्या वाकवत होत्या. ती बाजूला उभी राहिली आणि गृहस्थ गेल्यावर बोलू लागली. आमच्या दुकानाला निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरच ओळखीतून पाठवतात, मी त्यांच्याविरुद्ध बोलले हे दुकानाच्या मालकाला कळलं असतं तर, मी रात्रभर जागी होते, मला माफ करा ताई. बाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"माफी बिफी नको," त्या म्हणाल्या. "सबंध फाईल आहे का?"

"आहे. त्यासाठीच आले."

"द्या आणि जा."

कानवालीला रडू आलं. बाई पाटीवरची धूळ पुसत राहिल्या आणि ती जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

डोळे तपासायच्या खोलीत बसून त्यांनी फाईल लावली. सुरुवातीला नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज होता. मग सरांनी घसा साफ केला. खोलीत ते एकटेच होते.

"लेकीचा फोन आला होता," सर म्हणाले.

जरा थांबून परत म्हणाले, या वेळी सावकाश, 'लेकीचा'वर किंचित भार देऊन. "लेकीचा फोन आला होता."

परत थांबले. "बस. लेकीचा फोन आला होता."

मग खुर्ची करकरली आणि त्यांनी बाईंना हाक मारली. बाईंना स्वयंपाकघरातून आलेलं आपलंच "आले हं" ऐकू आलं. पुढचं त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि ती सुरुवात सरांना ऐकवली. सरांनी घास हातात धरून, मान जरा तिरकी करून, तिन्ही वेळा ऐकलं. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी असं रोखून कधी बघितलं नव्हतं. काहीतरी हलेल असं त्यांना वाटत होतं.

"दुसऱ्या वेळचं जास्त चांगलं होतं," सर म्हणाले. "तिसऱ्यात तो 'बस' उगाच आला." आणि त्यांनी घास तोंडात घातला.

बाईंनी फाईल लेकीला पाठवली. तिने ऐकली का, ते बरेच दिवस कळलं नाही. मग एका सकाळी तिचा फोन आला. "बाबा असं बोलताना मी लहानपणी दाराआडून ऐकायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, आई फारच चुका करते." आणि जरा वेळाने म्हणाली, "आजच निघ."

सर बाजारात गेले होते. बांधून ठेवलेलं सामान उचलून बाई निघाल्या.

लेकीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यात आले. फळं घेऊन आले, परिचारिकांना पेढे दिले, प्रत्येकीला नाव विचारलं. जावई त्यांची बॅग धरून मागेमागे हिंडत होता. थोड्या वेळाने बाहेरच्या बाकावरून बाईंना आपलं रडणं ऐकू आलं. सर जावयाला आणि दोन परिचारिकांना फोनवर तो प्रवेश ऐकवत होते. त्यातली एक आत येऊन म्हणाली, "आजी, काय काम केलंय हो तुम्ही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं."

सर आत आले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आता निघा."

तिने हे ठरवून, धीर गोळा करून म्हटलं होतं. सरांनी खुर्ची ओढून तिच्या उशाशी घेतली.

"का ग?" त्यांनी मायेने विचारलं. "माझं काही चुकलं का? सांग. मी रागावलेलो नाही."

आणि ते थांबले. लेकीने तोंड उघडलं. तिचा चेहरा बघता बघता सात-आठ वर्षांच्या मुलीचा झाला. "तसं नाही बाबा," ती म्हणाली. "म्हणजे मी... माझंच..."

"तिला उत्तर द्यायचं नाहीये," बाई म्हणाल्या. त्या पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या. "उठा तुम्ही."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग सावकाश उठले, शर्टची बाही सारखी केली आणि बाळाच्या गालाला बोट लावलं. दारात जावयाला म्हणाले, "सांभाळा दोघींना. या दिवसांत बायका हळव्या होतात. मनावर घेऊ नका." जावई म्हणाला, "छे छे, बाबा," आणि त्यांना सोडायला खालपर्यंत गेला.

बाई परत गेल्या नाहीत. लेकीच्या गावातल्या एका दुकानात त्यांना काम मिळालं, काड्या वाकवायचंच. डॉक्टरांना त्यांनी लिहिलं होतं की माझा आवाज काढून टाका. डॉक्टरांचं सविस्तर उत्तर आलं. एकदा दिलेली परवानगी कायमची असते, दुसऱ्याही ठिकाणी ते नाटक लोकांनी चढवलंय, शिवाय बाईंनी जरा शांतपणे विचार करावा, सरांचा स्वभाव किती सोशिक आहे. कानवालीने गट सोडला असं कुणाकडून तरी कळलं. सरांनी पुढचं नाटक हातात घेतलंय, त्यात आईच्या भूमिकेसाठी नव्या बाई मिळाल्या आहेत.

बाळ आता बसायला लागलंय. जावयाने एक चित्रांचं पुस्तक आणलं आणि बाईंना म्हणाला, "आई, हिला वाचून दाखवत जा ना. तुमच्यासारखं वाचणारं माणूस घरात असून नसल्यासारखं." बाईंनी पुस्तक घेतलं, पानं उलटली, चित्रांवर बाळाचं बोट ठेवत गेल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. लेक दारातून बघत होती. तिनेही त्यांना वाच म्हटलं नाही.